नांदेड ते कोल्हापूर: साइटवरचा एक तास आणि घरापासून घरापर्यंतचे दहा

मी नांदेडला तिकिटांचं काम करतो, रेल्वे, विमान, ट्रॅव्हल्स, भाड्याच्या गाड्या सगळंच. ही केस मागच्या एका लग्नसराईतली आहे. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं काढून टाकलीत आणि ओळखू येतील अशा एक-दोन गोष्टी बदलल्यात. लिहायचं कारण असं की दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि फ्लाइट टाइम मोबाइलवर बघून, मनात सगळं ठरवूनच माझ्याकडे येणारे लोक महिन्याला दोन-चार तरी असतात आणि दर वेळी मला तेच पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

पार्श्वभूमी

काका जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, वय ६४. घरात काकू आणि काकांची आई, म्हणजे आजी, ८१ वर्षांच्या. काकांची बहीण कोल्हापूरला दिलेली आणि तिच्या मुलीचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी दुपारी साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त, शनिवारी हळद. आजीची ही सगळ्यात लाडकी नात, त्यामुळे आजी जाणार की नाही हा प्रश्नच नव्हता, न्यायचं कसं एवढाच प्रश्न होता. मागच्या वर्षी त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की सलग दीड-दोन तासांच्या वर बसवून ठेवू नका.

काकांचा मुलगा पुण्यात आयटीत. त्याने दसऱ्याच्या आसपास कुठल्यातरी अंतर सांगणाऱ्या साइटवर नांदेड आणि कोल्हापूर टाकलं तर उत्तर आलं, ४२५ किलोमीटर, विमानाने १ तास २ मिनिटं. त्याने त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आजीने सकाळी नाश्ता करून निघावं आणि दुपारी आत्याकडे जेवायला बसावं. झालं, ग्रुपवर टाळ्या, हार, हात जोडलेले, सगळं पडलं. आत्याने तर व्याह्यांनाही सांगून टाकलं की आमची आई विमानाने येणार आहे.

मग काका माझ्याकडे आले, म्हणाले तीन तिकिटं काढ बाबा, शुक्रवारची, आईला खिडकी दे.

अडचण काय होती

त्या सीझनला नांदेड–कोल्हापूर असं थेट विमानच नव्हतं. काकांना हे पटेना, कारण पोराने पाठवलेल्या फोटोत विमानाचं चित्र होतं, दोन्ही गावांची नावं होती, मध्ये रेष होती आणि वेळ लिहिलेली होती, मग विमान नाही असं कसं? मी म्हटलं काका, ती साइट नुसतं गणित करते, तिथून विमान सुटतं की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. तुम्ही नांदेड आणि इथलंच जवळचं नर्सी गाव टाका, ती त्याचाही फ्लाइट टाइम सांगेल.

तो आकडा येतो कसा ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून सगळ्यात जवळचं अंतर काढायचं, ते इथे साधारण ४२५ किलोमीटर भरतं, म्हणजे विमानवाल्यांच्या भाषेत २३० नॉटिकल मैल. मग ताशी ८०० किलोमीटर असा एक ठोकळ वेग धरायचा, ४२५ ला ३२ मिनिटं होतात, आणि चढण्या-उतरण्याची म्हणून अर्धा तास मिळवायचा. ३२ अधिक ३० म्हणजे झाले १ तास २ मिनिटं. बहुतेक साइट असंच काहीतरी करतात. अंतर बरोबर आहे, बेरीजही बरोबर आहे, फक्त असं कुठलं विमान उडत नाही.

समजा उद्या कुणी हे विमान सुरू केलं तर ते बहुधा पंख्याचं एटीआर असेल नाहीतर छोटं जेट. एटीआरचा वरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसती हवेतली रेष कापायलाच ५० मिनिटं. त्यात विमान सरळ रेषेत जात नाही, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून उडतं, मग वळतं, ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, शेवटी परत वळून धावपट्टीसमोर येतं. जेट असलं तरी एवढ्या कमी अंतरात त्याला ताशी ८०० ने पळायला जागाच मिळत नाही. उतरण्याचा पायलट लोकांचा साधा हिशोब आहे, दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे २५ हजार फुटांवर असलं तर १४० किलोमीटर आधीपासून खाली यायला लागायचं. चढणं आणि उतरणं यातच अर्ध्याहून जास्त वाट संपते. आणि बऱ्याच छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाने ये-जा करायचा बाजूचा रस्ता, नसतो, उतरलेलं विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळतं आणि त्याच पट्टीवरून सावकाश मागे येतं, त्याची पाच-सात मिनिटं वेगळी.

तिकिटावर जी वेळ छापतात ती या सगळ्यासकट असते, जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. ही वेळ लक्षात ठेवायची, कारण ऐनवेळी विमान रद्द झालं तर भरपाई किती ते आपल्याकडच्या नियमात या ब्लॉक टाइमवरच ठरतं. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, त्याच्या पुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार यातलं जे कमी असेल ते. हवामानामुळे रद्द झालं तर तेही नाही. लोकांना वाटतं किलोमीटरवर मिळतं.

थेट विमान का नाही, हाही काकांचा प्रश्न होताच. दोन्ही विमानतळ काही कालचे नाहीत. कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ चं, राजाराम महाराजांच्या काळातलं, नवीन टर्मिनल मार्च २०२४ मध्ये झालं. नांदेडचं २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या (गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याच्या) त्रिशताब्दीच्या वेळी नव्याने उभं राहिलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये छोटी गावं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेतल्या अगदी पहिल्या विमानांमध्ये नांदेड–हैदराबाद होतं. पण छोट्या गावातलं विमान हे मोठ्या शहराकडेच जातं, हैदराबाद, बंगळुरू, मुंबई, पुणे. नांदेडहून रोज सत्तर माणसं कोल्हापूरला जाणार असतील तर कुणीही कंपनी उद्या विमान लावेल, पण तेवढी जात नाहीत, हे मी माझ्या काउंटरवरून सांगू शकतो. उडानमध्ये कंपनीला तोट्याचे पैसे सरकार देतं ते तीन वर्षं, त्यानंतर मार्ग आपल्या पायावर चालला तर चालला, नाहीतर बंद.

कोणकोणते पर्याय होते

कागद घेतला आणि काकांसमोरच मांडणी केली, पण विमानतळ ते विमानतळ नाही तर नांदेडच्या घराच्या दारापासून कोल्हापूरच्या दारापर्यंत.

पहिला, बंगळुरूवरून, एकाच कंपनीची दोन्ही विमानं, एकच पीएनआर. नांदेड–बंगळुरू ६६६ किलोमीटर आणि तिथून मागे फिरून कोल्हापूर ५३२, म्हणजे ४२५ च्या जागी जवळपास १,२००. घरातून दोन तास आधी निघायचं, दीड तास विमान, बंगळुरूला तीन तास थांबा, परत दीड तास, सामान घेऊन घरी पाऊण तास, एकूण पावणेनऊ तास. फायदा असा की सामान थेट कोल्हापूरला येतं, पहिलं विमान लेट झालं तर पुढच्याची जबाबदारी कंपनीवर, आणि बंगळुरूला व्हीलचेअरची सोय चांगली, आजीला मध्ये आडवं व्हायलाही जागा मिळू शकते.

दुसरा हैदराबादवरून. नकाशावर हा सगळ्यात शहाणा वाटतो, २४६ अधिक ४४५ म्हणजे ६९१ किलोमीटरच. पण दोन वेगळ्या कंपन्या, दोन पीएनआर, सामान काढा परत टाका, आणि मुख्य म्हणजे जाताना जुळतच नव्हतं, नांदेडचं विमान संध्याकाळी हैदराबादला पोचणार आणि कोल्हापूरचं दुसऱ्या दिवशी सकाळी. येताना मात्र जुळत होतं, ते पुढे येईलच.

तिसरा, पुण्यापर्यंत विमान, ३६४ किलोमीटर, आणि पुढे मुलाच्या गाडीतून २३० किलोमीटर. मुलाचा याच्यावर जोर होता. मला तो अजिबात आवडला नव्हता, कारण यात विमानतळाची सगळी दगदग आहेच आणि वर पुणे–कोल्हापूर हायवेचे पाच तास, सातारा ते कागल सहापदरीची कामं चालू, म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं एकत्र.

चौथा रेल्वे. नांदेडजवळच्या पूर्णेहून नागपूर–कोल्हापूर मिळते, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज करत जाते, पण आठवड्यातून दोनदा आणि वार जुळत नव्हता. शिवाय आजीला हिंदकळत्या डब्यात बाथरूमपर्यंत नेणार कोण, त्यामुळे तो लगेच खोडला.

पाचवा गाडी, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज. पाचशेच्या थोडं आत. एका दमात नऊ-दहा तास, आजीसाठी अशक्यच. दोन दिवसांत, सोलापूरला मुक्काम करून, शक्य. हा मी बोललो मात्र हळू आवाजात, कारण काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की विमानाचं सांगून झालंय, आता गाडीचं सांगायचं कसं.

चार्टरचंही, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घ्यायचंही, विचारलं त्यांनी. मी एका ठिकाणी फोन लावून आकडा ऐकवला. काका म्हणाले, तेवढ्यात अजून एक लग्न होईल.

पहिला निर्णय आणि तो का फसला

बंगळुरू घेतलं. तीन तिकिटं, शुक्रवारची, व्हीलचेअरची नोंद बुकिंगलाच टाकली (ती निदान ४८ तास आधी कळवायची असते, ऐनवेळी काउंटरवर सांगितली तर मिळेल तेव्हा मिळेल). कारणं दोन होती, एक तर सगळा प्रवास एकाच कंपनीच्या जबाबदारीवर, आणि दुसरं खरं कारण म्हणजे ग्रुपवरचा शब्द.

इथे माझी चूक झाली, ती सरळ लिहून टाकतो. तिकिटं काढली ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागतं आणि मार्चच्या शेवटापर्यंत चालतं. लग्न नोव्हेंबरचं. म्हणजे मी जी वेळ बघून पावणेनऊ तास मोजले ती वेळ कंपनीने पुढच्या वेळापत्रकात तशीच पुढे ओढून ठेवलेली होती, पक्की नव्हती. मोठ्या शहरांमध्ये याने फार फरक पडत नाही, एक विमान हललं तर दुसरी चार असतात. छोट्या गावात मात्र आठवड्यातून मोजकेच दिवस विमान, आणि तेही दिवसातून एक, ते अर्ध्या तासाने इकडे-तिकडे झालं तरी जुळणी तुटते. हे मला माहीत आहे, वर्षानुवर्षं माहीत आहे, तरी मी बघितलं नाही, कारण स्क्रीनवर हिरव्या अक्षरात कन्फर्म दिसत होतं.

नवीन वेळापत्रक लागल्यावर तीन-चार दिवसांत मेसेज आला. नांदेडहून सुटणारं विमान दुपारवर ढकललं, बंगळुरू–कोल्हापूर सकाळीच राहिलं, म्हणजे मध्ये एक रात्र बंगळुरूत. कंपनीने दुसरी तारीख किंवा पूर्ण पैसे असं विचारलं. पंधरा दिवसांच्या वर आधी कळवलं असल्यामुळे भरपाईचा विषयच नव्हता, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरही होतं. पैसे परत घेतले, आले आठ-दहा दिवसांत, फक्त पोर्टलची फी गेली आणि माझं कमिशन मी परत दिलं.

आता लग्नाला तीन आठवडे आणि हातात काही नाही.

आजीला कुणी विचारलंच नव्हतं

काकांकडे गेलो सांगायला. हॉलमध्ये काका, काकू, मुलगा व्हिडिओ कॉलवर, आणि कोपऱ्यात दिवाणावर आजी, पायावर चादर, हातात जपमाळ. आमची तिघा-चौघांची चर्चा, हैदराबादला हॉटेलात रात्र काढायची का, पुण्याचं परत बघायचं का, मुलगा परत परत म्हणतोय अरे पण एक तासाचं अंतर आहे यार. अर्ध्या तासाने आजी म्हणाल्या, गाडीनं गेलं तर तुळजापूर लागतं का रे वाटेत?

मी म्हटलं लागतं ना आजी, रस्त्यावरच.

मग म्हणाल्या, मला त्या विमानात संडासला कोण नेणार? घरी कमोडची खुर्ची आहे, ती गाडीत टाकता येईल. विमानात येती का ती?

हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही काढलेला नव्हता. मी व्हीलचेअर विचारली, खिडकी विचारली, जेवण विचारलं. एटीआरच्या टॉयलेटमध्ये धडधाकट माणसाला वळता येत नाही, आजींचं गुडघ्यापासून खुब्यापर्यंत आखडलेलं, त्यात वॉकर. आणि छोट्या विमानतळांवर एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा पूल, नसतो, पायऱ्याच. एटीआरला मागच्या दाराला त्याच्याच पाच-सहा पायऱ्या असतात, जेटला बाहेरून उंच शिडी लावतात, तिथे उचलूनच न्यावं लागतं. नांदेड, बंगळुरूला दोनदा, कोल्हापूर, असं चार वेळा आजींना कुणीतरी खुर्चीसकट वर-खाली केलं असतं. आम्ही सगळे बसायचे तास मोजत होतो, आणि त्यांना काळजी उठण्याची होती.

दुसरा निर्णय

गाडी, दोन दिवसांत. गुरुवारी निघायचं, सोलापूरला मुक्काम, शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी हळद. शुक्रवारची संध्याकाळ हातात रिकामी ठेवली, काही बिघडलंच तर म्हणून.

गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, शिवाय सोडून यायचं असलं तरी परतीचे किलोमीटर आणि ड्रायव्हरचा मुक्काम भत्ता आपल्यावर, त्यामुळे पैसे विमानाच्या तीन तिकिटांपेक्षा फार कमी लागले नाहीत, ज्यांना वाटतं गाडी म्हणजे स्वस्त त्यांच्यासाठी सांगतोय. सोलापूरचं लॉज मी स्वतः फोन करून ठरवलं, तळमजल्याची खोली, बाथरूमला उंबरा नाही ना हे दोनदा विचारून. मुलाला सांगितलं तू पुण्याहून थेट कोल्हापूरला ये.

आणि थांबे आधीच लिहून ड्रायव्हरला दिले: अहमदपूर, लातूर, तुळजापूर, मग सोलापूर, दुसऱ्या दिवशी मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज. त्याला ताकीद दिली की आजी नको म्हणाल्या तरी थांबायचं, दहा मिनिटं उभं करायचं.

प्रत्यक्षात काय झालं

सकाळी आठला निघाले. आजी पुढच्या सीटवर, सीट पूर्ण मागे, पायाखाली उशी, डिकीत कमोडची खुर्ची आणि काकूंचे लग्नाचे डबे. अहमदपूरपर्यंत आजी बोलत होत्या, नंतर लातूरपर्यंत झोपल्या. तुळजापूरला देवळात खाली उतरायच्या पायऱ्या त्यांना शक्यच नव्हत्या, हे त्यांनाही माहीत होतं. गाडी जमेल तितकी जवळ नेली, काकांनी काच खाली केली, आजींनी बसल्या जागेवरून कळसाला हात जोडले, काकू आत जाऊन ओटी भरून कुंकू घेऊन आल्या. काका म्हणतात ती पंधरा मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. साडेतीन वाजता सोलापूर.

दुसऱ्या दिवशी सांगोल्याच्या पुढे आजींच्या पायाला सूज दिसायला लागली, तेव्हा कवठेमहांकाळला दहाच्या जागी चाळीस मिनिटं थांबले, एका ओळखीच्या हॉटेलवाल्याने बाजेवर आडवं होऊ दिलं. चार वाजून गेल्यावर कोल्हापूर. लग्नात आजी दोन तास खुर्चीवर बसल्या, अक्षता टाकल्या, मग खोलीत जाऊन झोपल्या. एवढंच हवं होतं सगळ्यांना.

आता विमानाचा भाग. काकांची हयातीच्या यादीवर सही राहिलेली, आपण हयात आहोत हे पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर संपायच्या आत दाखवावंच लागतं आणि काका ती सही बँकेत जाऊन करतात. त्यामुळे सोमवारी ते एकटेच हैदराबादवरून विमानाने परत आले, येताना जुळत होतं म्हटलं ना ते हेच. दोन वेगळी तिकिटं, पण मध्ये भरपूर वेळ आणि सोबत फक्त हातातली बॅग, म्हणून मी काढून दिली. आणि त्यांना एक काम सांगितलं, काका घड्याळ बघून वेळा डायरीत लिहून आणा. जिल्हा परिषदेचा माणूस, मिनिटासकट लिहून आणलं.

राजारामपुरीतून निघाले सकाळी ८.१०. विमानाचं चाक उचललं १०.३८, हैदराबादला टेकलं ११.४६. मग विमानतळावर एक इडली, दोन चहा, पेपर तीनदा वाचून झाला. नांदेडचं विमान उडालं ४.५२ ला, टेकलं ५.३३ ला. घराच्या दारात ६.१५. दहा तास पाच मिनिटांत हवेत १ तास ४९ मिनिटं. सकाळी ८.१० ला कोल्हापूरहून गाडीने निघाले असते तर तेही साधारण त्याच वेळेला घरी आले असते.

तरी काकांचं म्हणणं असं की विमान बरं, अंग दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताजेतवाने बँकेत. यावर आमचा अजून वाद आहे, पण त्यांच्या वयाच्या माणसाला दहा तास गाडीत आणि दहा तास ए.सी.त खुर्चीवर यात फरक पडतो हे मला मान्य करावं लागतं. म्हणजे तेच अंतर, तेच तास, आणि काकांना एक उत्तर, आजींना वेगळं.

आज परत ही केस आली तर

सगळ्यात आधी वार विचारीन. लोक तारीख सांगतात, मी कॅलेंडर बघतो, पण छोट्या विमानतळाला वार महत्त्वाचा. त्यानंतर प्रवासाची तारीख कोणत्या वेळापत्रकात पडते ते, आणि ती पुढच्यात पडत असेल तर ते लागेपर्यंत तिकीट काढायचं नाही, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल. ही शिस्त मी आता पाळतो. काही गिऱ्हाइकं यामुळे दुसऱ्या एजंटकडे गेली, जाऊ देत.

शुक्रवारचं विमान ठरवलं होतं तेही चुकीचंच, हे नंतर लक्षात आलं. शनिवारी हळद, रविवारी लग्न, आणि मध्ये विमान रद्द झालं असतं तर? छोट्या विमानतळाचे कामाचे तास ठरलेले असतात, विमान फार लेट झालं तर तिकडे उतरायलाच मिळत नाही, दुसरीकडे जातं नाहीतर रद्द होतं. जिथे नजरेच्या भरवशावर उतरावं लागतं तिथे पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसावं लागतं, थंडीतल्या धुक्यात सकाळी तेवढं दिसेलच असं नाही. मुहूर्त असलेल्या कामाला निदान एक पूर्ण दिवस मध्ये मोकळा लागतो. गाडीच्या प्लॅनमध्ये आम्ही निदान शुक्रवारची संध्याकाळ मोकळी ठेवली, विमानाच्या प्लॅनमध्ये तेवढाही विचार केला नव्हता, कारण डोक्यात एक तास बसलेला होता.

मुलाने स्क्रीनशॉट टाकला यात मला त्याचा फार दोष वाटत नाही, ते आकडे कुणालाही खरेच वाटतील. पण ग्रुपवर टाकायच्या आधी त्याने मला एक फोन केला असता तर आत्याला व्याह्यांसमोर गाडीचं सांगताना जी सारवासारव करावी लागली ती वाचली असती.

आणि पहिल्या दिवशी काका काउंटरवर आले तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की घरी येतो, आजींशी बोलू द्या. प्रवास करणारा माणूस समोर नसताना तिकीट काढणं हा आमच्या धंद्यातला रोजचा भाग आहे, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. म्हातारं माणूस असेल तर आता मी तीन गोष्टी विचारतो, पायऱ्या चढता येतात का, बाथरूमला मदत लागते का, आणि सलग किती वेळ बसवतं. पायऱ्यांचं उत्तर नाही असेल तर मी दोन विमानांचं तिकीट सुचवतच नाही.

काकू आठ-दहा दिवसांनी रेल्वेने पूर्णेपर्यंत आल्या. आजी अजून कोल्हापुरातच आहेत, लेकीकडे, फिजिओथेरपी तिथेच चालू केलीय, आणि आत्या म्हणते होळीपर्यंत सोडणार नाही. परतीचं काय करायचं म्हणून काका परवा येऊन गेले. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतंय, तोवर काहीच काढू नका म्हटलंय, आणि सोलापूरच्या त्या लॉजवाल्याचा नंबर त्यांच्या डायरीत लिहून दिलाय.